पाठीमागची टाकी

सीटच्या मागे होती ती, केबिनच्या आतच.
सत्तर लिटर पेट्रोल आणि आप्पांची पाठ
यांच्यामध्ये काथ्या भरलेली गादी,
रेग्झिन फाटलेलं.

छप्पनची शेवरलेट. त्या काळी असंच करत, म्हणे.
कुणाला काही वाटत नसे.
मलाही वाटलं नव्हतं. बर्फाच्या लाद्या घेऊन
पहाटे भाऊच्या धक्क्याला जाताना
मी त्याच सीटला टेकून झोपायची,
आणि ब्रेक लागला की मानेमागे
डुबुक् करून काहीतरी पुढे यायचं, परत जायचं.
मला वाटायचं, समुद्र जवळ आला.

शाळेत माझ्या वेणीला वास यायचा.
बाईंनी एकदा विचारलं, घरी स्टोव्ह आहे का गं?
होता की. पण तो वास रॉकेलचा. हा वेगळा.

आता रे रोडच्या शेडमध्ये
लॉरेन्स मिस्त्री सीट उपटून बाहेर ठेवतो, म्हणतो,
"बाई, तुमी लोक बॉम्बवर बसून फिरत होते."
हसतो. मग हसायचा थांबतो.
माझी ओवी इथे बसणार, मी म्हणते,
म्हणून तर आणलीय.

नट रात्रभर भिजवले, तरी एक तुटलाच.
टाकी निघाली तेव्हा इर्शादने ती
गॅसचा सिलिंडर उतरवतात तशी
गुडघ्यावर टेकवत खाली घेतली.
तळाशी लाल गाळ. एक वॉशर, कुणाचा कोण जाणे.
आणि मुंगीएवढी तीन भोकं,
आप्पांनी कपड्याचा साबण चोपडून बुजवलेली.
साबणावर त्यांच्या अंगठ्याची रेघ
अजून आहे.

नवी टाकी मागे, चॅसीच्या दोन पट्ट्यांमध्ये,
लाकडी हौद्याखाली, सायलेन्सरपासून लांब.
किती लांब ते मिस्त्री वीत टाकून मोजतो,
टेप खिशात असून.
पट्ट्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, घासू नये म्हणून.
तांब्याची नळी वाकवताना तो श्वास धरतो;
चेपली तर सगळं फुकट.
"पंप म्हातारा आहे. इतक्या लांबून ओढेल?"
"ओढायला लागेल."

केबिनच्या कोपऱ्यावर जुन्या झाकणाचं भोक.
इर्शाद पत्रा कापून आणतो, गोल, पुरीएवढा.
राहू दे, मी म्हणते. झाकण तसंच लावा,
आतून बंद करा.
मिस्त्री बघतो माझ्याकडे.
त्याचे पैसे तो बिलात लिहीत नाही.

रविवारी आप्पा येतात. चौऱ्याऐंशी.
चढायला स्टूल लागतं.
बसल्या बसल्या सीटमागे हात घालून चाचपतात:
एक छत्री, जॅक, ओवीची पाण्याची बाटली.

पंपावरचा पोऱ्या नळी घेऊन
बरोबर जुन्या झाकणापाशी उभा.
"मागे," आम्ही दोघं एकदम म्हणतो.
टाकी भरते आणि काटा रिकाम्याकडे जातो.
उलटा चालतो तो आता. मिस्त्री म्हणाला होता,
सवय होईल.

माझगावच्या वळणावर मी ब्रेक मारते.
मानेमागे काही येत नाही.

"आवाज गेला," आप्पा म्हणतात.

चाळीस वर्षं या गाडीत त्यांनी काडी ओढली नाही.
धक्क्यावर उतरून, वीस पावलं मोजून,
तिथे पाठमोरे उभे राहून ओढायचे.
मी काचेतून बघायची. मला वाटायचं
त्यांना थोडा वेळ मी नको असते.

खिशातून विडी काढतात. डॉक्टरांनी बंद केलीय,
तरी एक असते.
"आता इथे चालेल ना?"
"चालेल, आप्पा."
विडी ओठांत. काडेपेटी हातात. काडी बाहेर.

"थांबव जरा," ते म्हणतात.

स्टूल नाही, म्हणून माझा खांदा धरून उतरतात,
आणि भिंतीकडे तोंड करून चालू लागतात, मोजत.
अकराव्या पावलाला दम लागतो.
थोडं थांबून
बारावं टाकतात.